नववीतला मुलगा, रात्रीचा मोबाईल आणि सकाळी सातची शाळा

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचा तर असा: मुलगा नववीत, वय चौदा, सकाळची शाळा. धाकटी मुलगी चौथीत. घर वन रूम किचन, सासूबाई सोबत असतात. नवरा लोअर परळला नोकरीला, घरी यायला पावणेदहा होतात. ताई स्वतः मुलुंडला एका दवाखान्यात रिसेप्शनला. मुलगा रात्री एक-सव्वापर्यंत पांघरुणात मोबाईल बघतो. विचारलं तर 'नाही बघत' म्हणतो. पहाटे उठवताना रोज आरडाओरडा. काही बोललं की उलट उत्तर. सहामाहीत गणितात जेमतेम पास, आणि आता वर्गशिक्षिकांनी भेटायला बोलावल्याची चिठ्ठी आली आहे. नवऱ्याचं म्हणणं, दहावी होईपर्यंत मोबाईल कपाटात. सासूबाई म्हणतात, वयच तसं आहे, होईल नीट. ताईंनी विचारलंय: "मोबाईल काढून घेऊ का? आणि आमचं चुकतंय कुठे? धाकटीही त्याचं बघून तेच करायला लागलीय."

ताई, तुमच्या लिहिण्यात ओळीओळीला मोबाईल आहे आणि झोपेचा उल्लेख एकदाच, तोही 'दुपारी मात्र ढाराढूर झोपतो' असा तक्रारीच्या सुरात. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि इतक्या वर्षांत एक सवय लागली आहे: आईवडील मुलाच्या स्वभावाबद्दल बोलायला लागले की मी वेळापत्रक विचारते. तुम्ही ते न विचारताच दिलंय, म्हणून काम सोपं झालं.

पावणेसहाला उठतो. सात ते बारा चाळीस शाळा. जेवून अडीचला आडवा होतो तो पाचलाच उठतो. सहा ते नऊ क्लास. बाबा आले की दहाला सगळ्यांचं जेवण. अंथरुणं पडतात अकराला, आणि हा झोपतो सव्वाला. म्हणजे रात्रीची झोप साडेचार तास, दुपारची अडीच. बेरीज सात. तुम्हाला वाटतं, सात तास म्हणजे पुरेशी की! पण तेरा ते अठरा वयाच्या मुलांना दिवसाला आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये हे आकडे दिले आणि बालरोगतज्ज्ञ आजही तेच सांगतात. त्यात तुमच्या मुलाची झोप दोन तुकड्यांत आहे, आणि रात्रीचा तुकडा नेमका शेवटाकडून कापला जातो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे. दिवसभराचं शिकलेलं पक्कं व्हायला आणि मनातल्या रागालोभाची धार उतरायला दोन्ही लागतात. पहाटेची झोप रोज बुडाली की मूल चिडकं होतं, विसरतं, साध्या गणितात चिन्ह चुकवतं. तुम्ही ज्याला उलट उत्तर म्हणता ते पहाटे पावणेसहाला आणि रात्री साडेदहालाच का येतं, दुपारी पाच वाजता झोपून उठल्यावर का येत नाही, हे आठवून बघा.

आता दुसरी गोष्ट, जी ऐकून बहुतेक वडील माझ्याकडे संशयाने बघतात. मुलगा दहा वाजता 'झोपच येत नाही' म्हणतो ते खरं असतं. वयात येताना शरीराचं घड्याळ मागे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणी जितक्या लवकर पाझरायला लागायचं त्यापेक्षा उशिरा लागतं. काहींच्या बाबतीत हा फरक दोन तासांपर्यंत जातो. सातवीपर्यंत साडेनऊला लुढकणारं मूल नववीत साडेदहालाही टक्क जागं असतं, त्यात त्याचा आळस नाही की मस्ती नाही. आणि अशा मुलांना आपण पहाटे उठवतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो चांगलाच आहे. पण खरं सांगायचं तर पहाटेच्या शाळेचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो आठवी-नववी-दहावीच्या मुलांना, आणि मुंबईतल्या दोन पाळ्यांच्या शाळांत माध्यमिकच्या वाट्याला बहुतेक वेळा सकाळचीच पाळी येते. ती काही तुमच्या-माझ्या हातात नाही. जे हातात आहे तेवढंच बघू.

मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण पडद्याच्या उजेडाला आपण फार दोष देतो, आणि त्यावर काय चाललंय हे विसरतो. संपत नाही अशी रीळ, मित्रांचा ग्रुप, रात्री साडेअकराला सगळे ऑनलाइन येतात तो गेम. त्यातून एकट्याने उठून जाणं मोठ्या माणसालाही जमत नाही. लोकलमध्ये आजूबाजूला बघा की.

पण याहून मोठं कारण मला तुमच्या घराच्या वर्णनात दिसतं. वन रूम किचन, पाच माणसं. दुपारी आजी आणि टीव्ही. संध्याकाळी क्लासमध्ये चाळीस मुलं. रात्री आई, बाबा, बहीण. लालबागचा एक मुलगा मला एकदा सरळ म्हणाला होता, "मॅडम, मी घरात एकटा असतो कधी? फक्त रात्री, पांघरुणात." त्याला मी विचारलं, मोबाईलवर करतोस काय? तर विशेष काही नाही. क्रिकेटची जुनी षटकं बघायची, एका मित्राशी बोलायचं, गाणी. मोठ्या घरातली मुलं खोलीचं दार लावून जे करतात ते हा पांघरूण डोक्यावर ओढून करत होता. मुंबईतल्या मुलांचा रात्रीचा मोबाईल कितीतरी घरांत हाच असतो: त्यांची स्वतःची खोली. तो तुम्ही कपाटात टाकलात तर तुमच्या मते तुम्ही एक वस्तू काढून घेतलीत, त्याच्या मते तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत. मग तो मित्राचा जुना फोन आणतो. आजींचा फोन रात्री उशीखालून काढतो. शाळेत हे इतक्यांदा बघितलंय की आता नवल वाटत नाही.

तेव्हा तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: दहावीपर्यंत कपाटात, हे करू नका. रात्री साडेदहानंतर मात्र फोन त्याच्या हातात नको. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. नवऱ्याला पहिलं हवंय आणि तुम्हाला दुसरं, असं वाटतं. आधी तुम्ही दोघं एका वाक्यावर या, मुलाच्या मागे, शक्यतो घराबाहेर. रविवारी बाजाराला जाता तेव्हा बोला. मुलासमोर आईबाबांचं वाजलं की मूल न्यायाधीश होतं आणि आपल्या बाजूने निकाल देतं.

साडेदहाचा नियम फक्त मुलासाठी असेल तर तो चार दिवस टिकेल. घरातले सगळे फोन एकाच ठिकाणी चार्जिंगला लागले पाहिजेत: फ्रिजवर म्हणा, ओट्याच्या कोपऱ्यात म्हणा. बाबांचाही. बाबा अंथरुणात पडून बातम्या बघत असतील आणि दोन फुटांवर मुलाला 'ठेव तो फोन' म्हणत असतील, तर मुलगा जे मनातल्या मनात म्हणतो ते मला शाळेत ऐकायला मिळतं आणि इथे लिहिता येणार नाही. बाबांना ऑफिसचे फोन येतात हे मान्य. मग आवाज चालू ठेवून फोन फ्रिजवर राहू दे, वाजला तर उठतील.

"अलार्मला लागतो" हे ठरलेलं उत्तर येईल. त्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा. आणि गजर त्याचा त्याने लावायचा.

मोबाईलच्या बाबतीत आणखी एक तपासा. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अठरा वर्षांखालच्यांना वेगळी टीन अकाउंट दिली आहेत. त्यात रात्री दहा ते सकाळी सात सूचनांचा आवाज बंद राहतो, आणि सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. पण मुलाने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, आणि बऱ्याच मुलांनी ते टाकलेलं असतं. त्याच्यासोबत बसून, त्याच्याच हाताने बघा. त्याच्या मागे फोन उघडून मेसेज वाचू नका. एकदा सापडलात की पुढची तीन वर्षं तो तुम्हाला काही सांगणार नाही, आणि खरी गरज नेमकी पुढच्या तीन वर्षांत पडते. जिवाला धोका आहे असा ठोस संशय असेल तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे लिहिते.

काढून घेतलेल्या खोलीच्या बदल्यात काही द्यावं लागेल. क्लासहून आला की साडेनऊ ते दहा अर्धा तास त्याचा. इअरफोन लावून गच्चीच्या जिन्यात बसो, गॅलरीत बसो, फोनवर मित्राशी बोलो. कोणी हाक मारायची नाही, 'जरा कोथिंबीर निवड' म्हणायचं नाही. कपाटातला एक खण त्याचा, तो दुसऱ्या कोणी आवरायचा नाही. झोपायच्या जागेला एक पडदा लावता आला तर लावा. दोरी आणि जुनी साडी पुरते. जवळ एखाद्या मंडळाची किंवा पालिकेची अभ्यासिका असेल तर सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊ द्या. अभ्यास किती होतो ते लगेच मोजू नका.

आता वेळ कुठून आणायची ते बघू, कारण 'लवकर झोप' हे सांगायला सोपं आहे आणि तुमचं घड्याळ आधीच गच्च भरलंय.

दुपारची झोप आधी आखडा. अडीच तास नाही, चाळीस मिनिटं. तीन ते तीन चाळीस. चारच्या पुढे झोपलेला मुलगा रात्री अकराला झोपूच शकत नाही. पोटभर खाल्लेल्या माणसाला पुन्हा पानावर बसवण्यासारखं आहे ते. हे आजींच्या हातात द्या. 'होईल नीट' म्हणणाऱ्या आजी तुमच्या विरोधात नाहीत, त्यांना फक्त काम दिलेलं नाही. दुपारी घरात त्याच असतात. पावणेचारला उठवून काहीतरी गरम खायला द्यायचं: थालीपीठ, पोळीभाजी, काहीही, पण पोटभर. चहा नको, किंवा मग चारच्या आत अर्धा कप. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा हिस्सा पाच-एक तासांनीही अंगात असतो. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले एनर्जी ड्रिंकचे डबे क्लासची मुलं सर्रास पितात. त्यांवर 'लहान मुलांसाठी नाही' असं छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही.

उठल्यावर सहापर्यंत दोन तास मिळतात. त्यात तासभर खाली खेळू द्या. नववीला खेळ बंद करणारी घरं मला कधी कळली नाहीत. अंग दमल्याशिवाय त्या वयात झोप लागत नाही. उरलेल्या तासात गृहपाठ, जो सध्या रात्री दहानंतर होतो किंवा होतच नाही.

रात्रीचं जेवण. 'सगळ्यांनी एकत्र जेवायचं' ही गोष्ट तुम्ही फार जिवापाड जपलेली दिसते आणि त्यामागचं प्रेम मला कळतं. पण दहाला जेवणारा मुलगा पावणेअकराला झोपणार नाही. मुलांना सव्वानऊला वाढा. बाबा आले की मुलं त्यांच्या ताटाशेजारी दहा मिनिटं बसतील, एखादा पापड उचलतील, दिवसाचं सांगतील. सगळ्यांची पंगत रविवारी. टीव्हीवरची मालिका साडेदहापर्यंत चालते असं तुम्ही लिहिलंय. एकाच खोलीत टीव्ही चालू आणि मुलांनी झोपायचं हे होणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण असतं, आजींना तेव्हा बघू दे.

सकाळची वीस मिनिटं वाचवा. दप्तर रात्री भरायचं, युनिफॉर्म बाहेर काढून ठेवायचा, आंघोळ क्लासहून आल्यावर. आजींना पारोसं शाळेत जाणं चालणार नाही, हा प्रश्न येईलच. हातपाय-तोंड धुऊन देवाला नमस्कार करून जाईल अशी तडजोड बऱ्याच घरांत झाली आहे. शाळा पंधरा मिनिटांवर आहे म्हणता, मग तो पावणेसहाऐवजी सहा पाचला उठू शकतो. शिवाय तुमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं, बादल्यांचा आवाज होतो. (मुंबईचं बरंचसं पाणी शुद्ध होतं भांडुपला आणि भांडुपच्या टेकडीवर बाया साडेचारला पिंपं भरतात, हे एक वेगळंच प्रकरण.) त्याचं अंथरूण मोरीपासून सगळ्यात लांब घालता येतं का बघा.

आता बेरीज करू. पावणेअकरा ते सहा पाच, सात तास वीस मिनिटं. दुपारी चाळीस मिनिटं. झाले आठ.

पण हे सोमवारपासून लागू करू नका. सव्वाला झोपणारं शरीर पावणेअकराला झोपत नाही, ते छताकडे बघत बसतं आणि मग सगळे म्हणतात बघा, उपयोग नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. महिना-सव्वा महिना लागेल. पहिला आठवडा आत्तापेक्षा वाईट जाईल, कारण दुपारची झोप कमी झालेली असेल आणि रात्रीची अजून आलेली नसेल. त्या आठवड्यात त्याच्याशी कोणत्याही मोठ्या विषयावर बोलू नका. रविवारी तासाभराहून जास्त उशिरा उठू देऊ नका. रविवारी अकराला उठलेला मुलगा सोमवारी पहाटे परदेशातून आल्यासारखा असतो. गणपती-नवरात्रात हे सगळं विस्कटणार, दहानंतर स्पीकर बंद असायचा नियम असला तरी मंडपातली जाग बंद होत नाही. विस्कटू द्या, नंतर पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांनी आणा.

क्लासबद्दल एक. सात ते बारा चाळीस शाळा आणि सहा ते नऊ क्लास करणारा मुलगा स्वतः अभ्यास कधी करतो? तुमच्या मुलाच्या बाबतीत उत्तर आहे, कधीच नाही. तो दिवसाला साडेआठ तास दुसऱ्याचं ऐकतो. दहावीच्या बहुतेक विषयांत ऐंशी गुणांची लेखी परीक्षा असते, आणि लिहिण्याचा सराव ऐकून होत नाही. नववीत सगळ्या विषयांना क्लास कशाला? गणित आणि विज्ञान ठेवा, किंवा फक्त गणित. भाषा आणि सामाजिक शास्त्रं घरी होतात. त्याने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सुटतात. फी आधीच भरली असेल तर बॅच बदलून मिळते का विचारा. 'दहावीचं वर्ष तोंडावर आलंय' ही भीती क्लासवाले विकतात. मुलाच्या गणिताला मात्र रात्रीची झोप हवी असते.

आता खोटं बोलण्याबद्दल, कारण तुम्ही त्यावर सगळ्यात जास्त दुखावलेल्या दिसता. तुम्ही पाण्याला उठायच्या आधी एकदा जाग येते, पांघरुणाखाली उजेड दिसतो, आणि तुम्ही विचारता, "मोबाईल बघतोयस ना?" तो म्हणतो नाही. ताई, तुम्हाला उत्तर माहीत होतं, मग विचारलंत कशाला? ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न मुलाला विचारणं म्हणजे त्याला खोटं बोलायला पाट मांडून देणं. रात्री एक वाजता फक्त हात पुढे करा, "दे," म्हणा, फोन फ्रिजवर ठेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याचं खाऊन झाल्यावर: "काल एक वाजता उजेड दिसला. आज साडेनऊचा अर्धा तास फोनशिवाय." बस. आठ दिवस फोन बंद नाही, व्याख्यान नाही, 'तुझ्या वयाचे असताना आम्ही' नाही. शिक्षा छोटी असावी, आधी ठरलेली असावी आणि दर वेळी व्हावी. मोठी आणि कधीतरी होणारी शिक्षा मुलं जुगारासारखी खेळतात. नव्वद टक्के वेळा सुटतोच, मग का नाही?

हात उगारू नका. नवऱ्याने एकदा दिली असं तुम्ही लिहिलंय. चौदाव्या वर्षी मार खाल्लेला मुलगा सुधारत नाही, तो उंची मोजायला लागतो.

नियम सांगायची बैठक समोरासमोर बसवून घेऊ नका. या वयाची मुलं डोळ्यांत बघून बोलत नाहीत, शेजारी चालताना बोलतात. क्लासला सोडायला एखाद दिवशी बाबा गेले, स्टेशनपर्यंत चालत, तर त्या बारा मिनिटांत जे निघेल ते घरात बारा दिवसांत निघणार नाही. आणि सुरुवात 'तुझं' या शब्दाने नको. "माझी सकाळ रोज तुझ्यावर ओरडण्यात जाते, मला ते नको झालंय. काय करूया?" असं तुम्ही म्हणालात तर तो काहीतरी सुचवेल. बहुधा म्हणेल, 'साडेदहा नाही, अकरा.' पहिले पंधरा दिवस अकरा मान्य करा. स्वतः ठरवलेली वेळ मुलं जास्त पाळतात.

धाकटीचं सोपं आहे. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. तिची शाळा उशिरा भरते म्हणून सध्या भावाबरोबर अकरापर्यंत जागून तिचं निभावतं. पण झोप कमी पडलेली लहान मुलं पेंगत नाहीत, उड्या मारतात, म्हणून तुम्हाला ती 'चंचल' झालेली वाटते. तिला साडेनऊला झोपवा, दिवा मंद करून, भावाच्या आधी. भाऊ मोठा आहे म्हणून तो उशिरा झोपतो, हे तिला थेट सांगा. रडली तरी चालेल. आणि जूनमध्ये ती पाचवीत जाईल, नऊचा नियम चौथीपर्यंतच आहे. तिला सकाळची पाळी मिळाली तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासूनच उठायची वेळ हळूहळू अलीकडे आणा, शाळा उघडल्यावर नव्हे.

आता ज्याबद्दल पुढे लिहिते म्हटलं होतं ते. महिनाभर वेळा सांभाळूनही मुलगा दिवसभर मरगळलेला असेल, तर आधी शरीर तपासा. घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडिनॉइडची गाठ वाढल्यामुळे झोप रात्रभर मोडत राहते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ तो मित्रांना टाळत असेल, खेळायला जायचं सोडलं असेल, आवडीचं जेवणही परत पाठवत असेल, उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालत असेल (हातावर स्वतः केलेल्या जखमा त्याखाली लपवल्या जातात), 'मी नसतो तर बरं' असं काही बोलला असेल, तर तो झोपेचा किंवा मोबाईलचा प्रश्न राहिलेला नाही. त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, खर्च फार नाही. 'शेजारी काय म्हणतील' यावर इथे एक दिवसही घालवू नका. घरातले पैसे गायब होत असतील तर गेममध्ये पैसे लावतोय का ते बघा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली असली तरी पळवाटा मुलांना आपल्याआधी सापडतात. तुमच्या लिहिण्यातून मात्र यातलं काही दिसत नाही. तो खेळतो, जेवतो, बहिणीशी भांडतो. मला तो झोपेला आलेला मुलगा दिसतो.

राहिली वर्गशिक्षिकांची चिठ्ठी. जरूर जा, आणि मुलाला आधी सांगून जा. तिथे त्याच्या तक्रारी ऐकून घ्याव्या लागतील, त्या ऐका, पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय उठू नका. एक, तो कोणत्या तासाला पेंगतो? गणित पहिल्या-दुसऱ्या तासाला असेल तर सहामाहीच्या मार्कांचं बरंचसं उत्तर तिथेच मिळेल. दुसरं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ किती वाजता टाकला जातो? काही शाळांत तो रात्री साडेदहा-अकराला येतो आणि मग फोन काढून घ्यायची सोयच उरत नाही. आठच्या आत टाकाल का, असं विनंतीने विचारा. आणखी दोन-चार पालकांना सोबत घेऊन विचारलंत तर बाई मुख्याध्यापकांकडे विषय नेऊ शकतात. त्यांनाही रात्री अकराला ग्रुपवर बसायची हौस नसते.